तुळईला न कळणारी जागा

लालबागच्या आमच्या खोलीत पोटमाळा घालायचं ठरलं ते भाचीसाठी, म्हणजे दादाच्या मुलीसाठी. तिचं बारावीचं वर्ष, आणि एका खोलीत बाबा, दादा, वहिनी, टीव्ही आणि कुकर. पोरीने अभ्यास करायचा कुठे? दादा म्हणाला, मधे एक खांब टाकू, काम सोपं. बाबा म्हणाले, "खांब नाय." विषय संपला.

खांब येणार होता तिथे दरवर्षी आमचा गणपती बसतो आणि त्याच्या डोक्यावर माटवी टांगतात. माटवी म्हणजे लाकडी चौकट. तिला नारळ, काकडी, रानफळं, हिरवा पाला, फुलं असं सगळं बांधायचं, अगदी कोकणात गावी बांधतात तसं. गिरणी बंद पडली, गावचं घर भावकीत गेलं, पण बाबांनी माटवी कधी चुकवली नाही. खांब आला की मूर्ती कोपऱ्यात आणि माटवी बादच. त्यांची अट एकच होती: पोटमाळा घाला, पण माटवी जागची हलता कामा नये.

म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच तुळई. लोखंडी तुळई आमच्या जिन्याच्या वळणातून वर येईना. मग मी पोकळ पेटी करायचं ठरवलं: वर एक फळी, खाली एक फळी, दोन्ही अंगांना प्लाय. फळ्या गॅलरीतून दोरीने ओढून घेतल्या आणि सुताराने ती पेटी खोलीतच जोडली.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, पण ऑफिसात सगळं सॉफ्टवेअर करतं. आपण आकडे भरायचे, ते लाल-हिरवं दाखवतं. कित्येक वर्षांनी हाताने गणित मांडलं आणि खरं सांगते, चहा निवला तरी लक्षात आलं नाही. तुळई वाकते तेव्हा वरची फळी दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि हे सगळ्यात जास्त मधोमध. शिअरची, म्हणजे सरकवणाऱ्या जोराची, तऱ्हा वेगळी. पत्त्यांचा कॅट हातात धरून वाकवून बघा, पत्ते एकमेकांवरून सरकतात. तशी फळी प्लायवरून सरकायला बघते, आणि तिला धरून ठेवतात ते गोंद आणि स्क्रू. हे सरकणं भिंतींजवळ जोरात, मध्यावर जवळजवळ नाहीच. म्हणून मी स्क्रू टोकांकडे दाट आणि मधे विरळ मारायला सांगितले. सुताराला वाटलं, बाईंची मोजण्यात गडबड झाली. मला मात्र त्या विरळ स्क्रूंकडे बघून भारी मजा वाटत होती.

पोटमाळा झाला, भाची पुस्तकं घेऊन वर गेली. पुढच्या रविवारी मी माझ्या घरून सहज बघायला गेले, तर तुळईच्या पोटाला, बरोबर मधोमध, तीन जाड हुक. बाबांनी माझ्या पाठीमागे सुताराला बोलावलं होतं. हुकांची लोखंडी पट्टी दिसायला वाईट दिसू नये म्हणून त्याने खालच्या फळीत चांगली खोल, आडवी खाच मारून ती आत बसवली होती. देवाचं काम, त्यामुळे मला विचारावं असं दोघांच्याही मनात आलं नाही.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, अख्ख्या तुळईत हात लावायचा नाही अशी एकच जागा होती. तुम्ही नेमकी तीच शोधलीत?" तिथल्या तिथे गणित केलं. खाचेमुळे जेवढी फळी उरली होती, तिला तो ताण सोसणारा नव्हता. भाचीला खाली उतरवलं. ती बिचारी पुस्तकं घेऊन गॅलरीत जाऊन बसली. मी म्हटलं, आता एक काय ते ठरवा, पोटमाळा नाहीतर माटवी.

बाबांनी वर तुळईकडे पाहिलं. मग म्हणाले, "मगे भोक खंय पाडूचा, ता तरी सांग."

भोक पाडायचं तर कुठे? सगळ्यात जास्त ताण कुठे, हेच मी आजवर शोधत आले होते. सगळ्यात कमी कुठे, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. कॅलेंडरच्या पाठीवर परत आकृती काढली. वाकण्याचा ताण वरच्या-खालच्या कडांना; उंचीच्या मध्यावर तो शून्य. शिअर टोकांना, लांबीच्या मध्यावर तो शून्य. या दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे तुळईला जवळजवळ काही कळतच नाही. आणि ती जागा बाबांच्या हुकांच्या वर, जेमतेम वीतभर. बाबांना मधोमध हवं होतं आणि मधोमधच मिळत होतं. मला इतका आनंद झाला की माझा राग कुठच्या कुठे गेला.

हुक काढले. खाच भरून खालून एक लांब फळी गोंद-स्क्रूने बसवली. त्या जागी, माटवीची दोरी अडकवायला, दोन्ही प्लायमधून आरपार बोल्ट घातला, आणि प्लाय चिरडू नये म्हणून बाहेरून लाकडाचे तुकडे चिकटवले. मग सगळ्याचं गणित पुन्हा केलं: माटवी, सामान, माणसं, आणि वर हातचं भरपूर.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी गेले तर माटवी टांगलेली होती, पण नुसता पाला आणि फुलं. नारळ-काकड्यांची पिशवी भिंतीशी तशीच. मी विचारलं, "हे काय, नारळ नाही बांधले?"

बाबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुजा गणित बरोबरच आसतला गो. पण वर पोर निजता."

खांब नको म्हणून अख्ख्या घराशी भांडलेला माणूस. मला राग आला, आणि रडूही आलं. मी तडक वर चढले, पुस्तकं बाजूला सारून बरोबर तुळईवर मधोमध बसले, भाचीला शेजारी बसवलं आणि खाली ओरडून सांगितलं, "आता बांधा."

दादाने माटवी खाली सोडली. बाबांनी एकेक नारळ बांधला, मग काकड्या, मग पिशवीत होतं ते सगळं. दादाने दोरी ओढली. बोल्ट जरासा करकरला. गणित माझं होतं, दोनदा तपासलेलं. तरी भाचीचा हात मी इतका घट्ट धरला की ती म्हणाली, "आत्या, दुखतंय."