ओट्यावरचा घाट

सांगलीच्या प्रदर्शनात माझं नदीच्या घाटाचं चित्र नलूताई नावाच्या बाईंनी विकत घेतलं होतं. परवा त्यांच्या गल्लीत काम निघालं, म्हणून सहज डोकावले. बैठकीच्या भिंतीवर चित्र दिसेना, तेव्हा जरा खट्टू झाले. नलूताईंनी चहाला आत बोलावलं, आणि ते दिसलं. स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, मसाल्यांच्या फळीशेजारी. खाली आमटी उकळत होती.

“अहो, फोडणीचा धूर लागेल त्याला,” मी म्हणाले.

“काचेला लागतो, तो मी रोज पुसते. बाहेर लावलं तर पाहुणे बघणार. मी दिवसभर इथे असते, मग मी कधी बघू?”

छापील चित्रं एवढी स्वस्त मिळत असताना हाताने काढलेलं कोण घेतं, असं लोक मला विचारतात. पूर्वी मी समजावत बसायचे. आता वाटतं, चित्राला अशी एक बाई भेटली तरी पुरे, आणि ती भेटतेच. म्हणून तर मी रोज सकाळी निर्धास्तपणे रंग कालवायला बसते.

भाजी चिरता चिरता नलूताईंनी मान वर केली. “ही खालची पायरी ओली आहे ना? आत्ताच कुणीतरी पाय धुऊन गेलंय, असं मला रोज वाटतं.”

मी तिथे झाडाची सावली रंगवली होती.

“हो,” मी म्हणाले, “ओलीच आहे.”