कुंपणावर सांगितलेलं स्वप्न

तेफोने सकाळी तारेच्या कुंपणाशी उभं राहून शेजारच्या मापुलेंगला, जिला सगळे म्मे म्हणजे आई म्हणत, आपलं स्वप्न सांगून टाकलं, आणि मग त्याला आठवलं की हिला स्वप्न सांगायचं नसतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या बोत्शाबेलोत लोक सकाळी एकमेकांना स्वप्नं विचारतात, कारण मोचायना या आकड्यांच्या जुगारात प्रत्येक स्वप्नाला आकडा असतो. राजा दिसला तर एक, माकड दिसलं तर दोन, अंडी दिसली तर दहा. आकडा लावायचा, दुपारी पैसे गोळा करणारी गाडी येते, आकडा फुटतो. मापुलेंग नवरा मोएकेत्सी गेल्यावर हा खेळ अशी खेळली, की आधी घरातला फ्रिज गेला आणि मग मुलगी पुलेंग रुसून गेली ती वेल्कम शहरात. शेवटी चर्चच्या मागच्या खोलीत खेळ सोडलेल्यांची बैठक भरते तिकडे ती जाऊ लागली. गल्लीभर सांगत फिरली, "मला कुणी स्वप्न सांगायचं नाही." गल्लीने ऐकलं. इतकं ऐकलं, की तिच्याशी बोलायला कुणाकडे काही उरलंच नाही.

आणि तेफो सांगून बसला होता: "म्मे, आज तुमचे मोएकेत्सी दिसले हो! खाणीतलं हेल्मेट घालून माझ्या ओट्यावर उभे होते. पाठमोरे. हाका मारल्या, पण वळले नाहीत."

मेलेला पुरुष म्हणजे चार. मापुलेंगच्या हातातली ओली चादर मातीत पडली. ती तशीच टाकून ती आत गेली.

"तोंड आहे की फाटका खिसा?" तेफोची बायको पालेसा कडाडली. "जा आधी, माफी माग!"

तेफो गेला तेव्हा मापुलेंग टोपी घालून, पाकीट काखेत मारून निघालीच होती.

"मी खेळत होते तोवर ते रोज यायचे रे," ती म्हणाली. "पलंगाच्या पायथ्याशी उभे राहायचे. खेळ सुटला आणि तेही यायचे थांबले. आता तुझ्या ओट्यावर येतात, माझ्या दारात नाही. एकदाच लावते, तेफो. जिंकायला नाही. त्यांना बोलवायला."

  तेफोकडे युक्ती नव्हती, पण आकारमान होतं. तो उंबऱ्यावर बसला आणि दार भरून गेलं. तिथूनच त्याने बायकोला हाक मारली.

पालेसा मक्याच्या उकडीचं पातेलं घेऊन आली, सोबत मर्तिकाच्या भिशीतल्या दोन म्हाताऱ्या. त्यातली एक मापुलेंगला खाली बसवत म्हणाली, "मेलेल्याला कसली आवतणं धाडतेस? आम्ही जिवंत, बिनबोलावता आलोय. आम्हाला वाढ!"

मापुलेंगने वाढलं, पण टोपी काढली नाही.

भर दुपार होती. वारा एकाएकी पडला. कोपऱ्यातली मोएकेत्सींची रिकामी खुर्ची करकरली, जणू कुणी जड माणूस बेताने टेकला. घरात तंबाखूचा आणि ओल्या खडकाचा वास पसरला. अंगणातला कुत्रा शेपूट घालून मागे मागे सरकत गेला. सगळ्यांच्या जिभेवर एकच आकडा आला. पालेसाने तो बाहेर पडू नये म्हणून उकडीचा एवढा मोठा गोळा तोंडात कोंबला, की तिचे डोळे पांढरे झाले.

गल्लीच्या टोकाला गाडीचा हॉर्न वाजला. मापुलेंग अर्धी उठली. दोन्ही म्हाताऱ्यांनी तिचा एकेक हात धरला, घट्ट, आणि जेवत राहिल्या, उरलेल्या हातांनी.

खुर्ची पुन्हा करकरली.

हॉर्न दुसऱ्यांदा वाजला, मग दूर गेला. मापुलेंगने हात सोडवून घेतले, टोपी खिळ्याला अडकवली आणि ती खुर्चीकडे गेली. बसलेल्या माणसाच्या कानाशी वाकावं तशी वाकून ती हळूच काहीतरी बोलली. करकर थांबली. वास मात्र गेला नाही.

तेफोने घसा खाकरला. "म्मे... काय सांगितलंत त्यांना?"

"आकड्याचा विषय काढणार नसाल तर खुशाल रोज येऊन बसा म्हटलं, आणि तेच तुलाही."