मांडीवरची दप्तरं

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहायला बसणं जरा आगाऊपणाचं वाटतं, सांभाळून घ्या.

इथिओपियात गणित शिकवायला आलो, तेव्हा वर्गातली मुलं दप्तर सतत मांडीवर का धरतात, हे कळेना. विचारलं तर वर्गातली हाना हसली, "सर, गोळीबार झाला की पळायचं असतं. तुम्ही मात्र खडू गोळा करत बसाल!"

पुढे शहरात सैन्य शिरलं, शाळा बंद झाली. पुन्हा उघडली तेव्हा हाना नव्हती. तिच्या बाकावरच्या मुली दाटीवाटीने बसतात, पण तिची जागा मोकळी ठेवतात. इतक्या भीतीत हे कुणी शिकवलं असेल यांना?

आज तिच्या मामांचा निरोप आला. हाना सीमेपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत सुखरूप आहे आणि लहान मुलांना बेरीज शिकवते.