मरळीचं पाणी, पाठीमागचं रान

गरीला मरळ कुठे लागते, असं लोक मला अजून विचारतात. चौकातली पोरंच नाहीत, रिटायर झालेले मास्तरसुद्धा. मी म्हणतो, बगळ्याला विचारा. मागून मला खडूस म्हातारा म्हणतात, म्हणोत बापडे. जागा मला सगळ्या पाठ आहेत. गडचिरोलीच्या अलीकडे वैनगंगेत उन्हाळ्यात उरणारे डोह. गडचांदूरकडची चुनखडीची बंद पडलेली खाण. तिथलं पाणी हिरवंगार आणि मरळ काळी, महाहट्टी. आणि सगळ्यांत लाडका आमच्या नागभीडकडचा जुना मालगुजारी तलाव. त्याच्या एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला थेट जंगल. त्या तलावाचं नाव मी कोणाला सांगत नाही.

मी एसटीत ड्रायव्हर होतो आणि माझा दोस्त माझ्याच गाडीवर कंडक्टर. सुटीच्या दिवशी दोघं मोटारसायकलवर बसून मरळीला जायचो. आमच्या भागात मरळीला एकटा माणूस जात नाही. गरी टाकून बसलेला माणूस वाकलेला असतो, गप्प असतो, आणि असा माणूस वाघाला माणूस वाटतच नाही. म्हणून जोडी लागते. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पाठीला पाठ लावून बसायचं, एकाचं तोंड पाण्याकडे, दुसऱ्याचं जंगलाकडे. मासा लागला की जागा बदलायची. जंगलाकडच्यानं काही पाहिलं तर ओरडायचं नाही, कोपर मारायचं. एकदा त्यानं असं कोपर हाणलं की मी काठी फेकून उभाच राहिलो. पाहतो तर गावातली म्हैस! "मशीले वाघ समजते बे, कंडक्टर!" म्हणून मी वर्षभर त्याला छळला.

काय दिवस होते ते! गरीला जिवंत बेंडकी लावायची, बेशरमाच्या झुडपांजवळ सोडायची आणि वाट पाहायची. मरळ हवा घ्यायला वर येते तेव्हा पाणी असं गप्पकन वाजतं की हात आपोआप काठीवर जातो. मग तंगूसाचा दोरा ताणला जातो आणि माणूस सगळं विसरतो, घरचं, डेपोतलं, सगळं. त्याची पाठ माझ्या पाठीला असली की मला जंगल नसल्यासारखंच होतं.

मागच्या मोहाच्या हंगामात वहिनी गेल्या. माझ्या दोस्ताची बायको. पहाटे आपल्याच बांधावरच्या मोहाखाली फुलं वेचत होत्या, वाकून. वाघानं नेल्या. पुढचं मला लिहवत नाही.

त्यानंतर हा माणूस दारात बसला तो बसलाच. जेवण नाही, बोलणं नाही. कोणी आलं तर उठणंसुद्धा नाही. त्याची एकुलती एक लेक लग्न होऊन गडचिरोलीला असते. ती रजा काढून आली, राहिली, आणि जायच्या दिवशी माझ्या दारात येऊन उभी राहिली. "काका, बाबा असेच बसून राह्यले त मरतीन. तुमचंच ऐकतेत ते. त्याईले पाण्यावर घेऊन जा ना." मी शब्द दिला. तुझ्या बापाला माणसात आणतो, म्हणालो.

माझी बायको भडकली. "ज्याची बायको वाघानं नेली त्याले जंगलाच्या काठी नेता? डोस्कं ठिकाणावर हाय का तुमचं?" मी म्हणालो, तुला काय कळते मरळीतलं! पण तिचं मनात राहिलं, म्हणून आधी नदीवर नेला. डोहाकडे तो भिंतीकडे पाहावं तसा पाहत बसला. मग खाणीवर नेला. तिथंही तेच. परत येताना मी मनातून हरलो होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "तलावावर जाऊ."

कितीतरी दिवसांनी त्यानं स्वतःहून काही मागितलं होतं. मला इतका आनंद झाला की गाडी बाजूला घेऊन मी डोळे पुसले.

तलावावर तो न सांगता जंगलाकडे तोंड करून बसला. दुपारी डबा उघडला तर चक्क जेवला, भात आणि सुक्या झिंग्यांची चटणी. मी लगेच त्याच्या लेकीला फोन लावला, तुझा बाप जेवला म्हणून. ती फोनवरच रडायला लागली. त्यानंतर आम्ही जातच राहिलो. तो सकाळीच तयार होऊन माझ्या अंगणात यायचा. फक्त एक गोष्ट बदलली होती, तो जागा बदलायचा नाही. मला मासा लागला की मी म्हणायचो, ये, आता तू बस पाण्याकडे. तो म्हणायचा, "राहू दे. मी इथीच बरा आहो." मला वाटायचं, वहिनींच्या बाबतीत जे झालं ते माझ्या बाबतीत होऊ नये म्हणून हा माझी पाठ राखतोय. माझं मन भरून यायचं. काय बावळट होतो मी!

त्या दिवशी झुडपाखाली एक मोठी मरळ मला खेळवत होती. बेंडकीपर्यंत यायची आणि फिरायची. माझी नजर पाण्यावरून हलत नव्हती. पाठीला जाणवलं की दोस्ताची पाठ ताठ झाली आहे. कोपर काही आलं नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग पलीकडच्या झाडांवर वानरं खेकसायला लागली आणि मी मान वळवली.

पाळीखालच्या गवतात वाघ बसला होता. मधे एका एसटीच्या लांबीएवढं अंतर. घरचं कुत्रं अंगणात बसतं तसा बसून आमच्याकडे पाहत होता. आणि माझा दोस्त मांडीवर हात ठेवून त्याच्याकडे पाहत होता.

मी ताडकन उभा राहिलो, बोंब मारली, डब्याचं झाकण डब्यावर बडवलं. वाघ उठला. त्याला काही घाई नव्हती. एकदा वळून पाहिलं आणि जंगलात गेला. दोस्त तसाच बसून होता. मी त्याची कॉलर धरली.

"काऊन सांगितलं नाई बे? कव्हाचा बसून होता तो?"

"लय वेळचा."

"मंग कोपर काऊन नाई मारलं?"

"मले वाटलं, येऊ दे."

"अन् मी? मी होतो ना बे तुया पाठीले!"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, विचार केला. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही. म्हणाला, "तुयी याद नाई आली, भाऊ."

मी त्याच्या थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा. आणि मग त्यालाच मिठी मारून ढसाढसा रडलो. तो नाही रडला.

लेकीला मी सगळं सांगितलं. ती आली, त्याला गडचिरोलीला घेऊन गेली, डॉक्टरला दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. थोड्याच दिवसांत तो एसटीत बसून परत आला. तिथं करमत नाही म्हणाला. आम्ही त्याच्या काठ्या लपवल्या, त्यानं नवा बांबू तोडला. मी त्याला हात जोडले, शिव्या दिल्या, वहिनींची शपथ घातली. तो हो म्हणतो आणि तलावावर जातो, सायकल घेऊन, एकटा. त्याच्या पाठीला पाठ लावायची हिंमत आता माझ्यात नाही. मलाही जीव आहे, नातवंडं आहेत. कोणी भित्रा म्हणा, मला कबूल आहे. तो जातो त्या दिवशी मी अंगणात येरझाऱ्या घालतो.

परवा तो दिवस मावळला तरी आला नाही. मी टॉर्च घेऊन दोन शेजाऱ्यांना हाक मारली, चपला घातल्या, आणि तेवढ्यात सायकल वाजली. हँडलला मरळ लटकत होती. हातभर लांब, मांडीएवढी जाड. एवढी आम्हाला दोघांना मिळूनही कधी लागली नव्हती. ती अजून जिवंत होती. माझ्या तोंडून "अबे वा!" निघालंच. मला वाटलं, लागला हा माणूस मार्गाला.

त्यानं मरळ माझ्या हातात दिली, पायरीवर बसला, तांब्याभर पाणी प्यायला.

"दिवसभर बसलो, भाऊ," तो म्हणाला. "आजबी नाई आला."