वाघाचा पाय

तुम्ही शेवटचं ‘शाब्बास’ कुणाला म्हणालात, आणि म्हणून झाल्यावर त्याच्यासाठी काय केलंत? तापलेल्या वाळूचा वास आला की मला वडील कामाला होते ती लोखंड ओतायची फाउंड्री आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी डबा घेऊन गेलो होतो. वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओतताना तो वडिलांच्या पायावर सांडला. ओतणं मध्येच थांबलं तर माल वाया जातो, म्हणून त्यांनी हातातलं भांडं सोडलं नाही. मालक धावत आला, आधी साचा बघितला. “शाब्बास रं वाघा! माल वाचवलास की!” म्हणाला आणि ऑफिसात गेला. रिक्षा मी आणली. कण्हत वडील म्हणाले, “मालक वाघ म्हणालं की रं मला! आईला सांग.” पाय कायमचा अधू झाला, कामावरून काढलं. आजही ते आल्यागेल्याला तो एक शब्दच अभिमानानं सांगतात आणि मला त्यांना थांबवता येत नाही. कृपा करून, शाब्बास म्हणण्याआधी माणसाच्या पायाकडे बघा.