साहेबांचे प्रश्न लिहिणारा गुरुपादप्पा

आमदार शेषेराव पाच वेळा निवडून आले. या पंचवीस वर्षांत त्यांनी विधानसभेत पाठवलेला जवळजवळ प्रत्येक प्रश्न गुरुपादप्पानं लिहिला, नांदेडच्या कार्यालयातल्या मागच्या खोलीत बसून. कुठल्या गावची विजेची डीपी जळाली, कुठल्या दवाखान्यात डॉक्टर नाही, सगळं त्याला पाठ. साहेब सही तेवढी करायचे.

बारा वर्षांमागं त्यानं एक प्रश्न स्वतःच्या घरचा लिहिला. त्याची वाडी लातूरच्या सीमेलगत, ओढ्यापलीकडं. ओढ्याला पाणी आलं की वाट बंद. धाकटा भाऊ अमरनाथ, त्याची बायको वर्षाराणी बाळंतपणात अडली, तेव्हा चौघांनी तिला खाटेवर घालून छातीएवढ्या पाण्यातून अलीकडं आणलं. ती वाचली, लेकरू गेलं. त्याच आठवड्यात गुरुपादप्पानं पुलाचा प्रश्न लिहिला. अधिवेशनाहून परतल्यावर साहेब म्हणाले, "मंत्र्याला घाम फोडला बघ." गुरुपादप्पानं ते जसंच्या तसं अमरनाथला सांगितलं. पूल झाला नाही. मग पुढं आणखी तीनदा त्यानं तोच प्रश्न पाठवला, आणि दर वेळी घरी जाऊन साहेब कसे भांडले ते सांगितलं.

गेल्या साली साहेबांचा गौरवग्रंथ काढायचं ठरलं. सभागृहातली भाषणं निवडायला गुरुपादप्पा मुंबईला गेला. विधानभवनाच्या ग्रंथालयात कामकाजाचे छापील खंड काढून बसला. पुलाचा प्रश्न पुकारला होता. पुढं लिहिलं होतं, सन्माननीय सदस्य अनुपस्थित. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळीही तेच. चौथ्या वेळी साहेब हजर होते. उठून त्यांनी स्वतःच्या संस्थेच्या कॉलेजच्या रस्त्याबद्दल विचारलं आणि खाली बसले.

परत आल्यावर त्यानं त्या पानांची झेरॉक्स साहेबांपुढं ठेवली. साहेबांनी चष्मा लावून वाचली.

"तुझ्या वाडीत मतदान किती रे?"

"तीनशे अकरा."

"आपल्याला किती पडतंय?"

"दोनशे नव्वदच्या खाली कधी आलं न्हाई, साहेब."

"पुलाबिगर पडतंय की मग," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "ग्रंथात लिही, पुलासाठी चार वेळा आवाज उठवला."

गुरुपादप्पानं ते वाक्य लिहून दिलं. ग्रंथ छापून आला, सत्कार झाला, त्यालाही एक शाल मिळाली.

पण नंतर त्याला जेवण जाईना. एका रविवारी तो वाडीला गेला आणि भावापुढं सगळे कागद ठेवले. अमरनाथनं एकेक पान वाचलं.

"त्यांचं सोड, अण्णा," तो म्हणाला. "तू बारा वर्षं आम्हाला काय सांगत राहिलास?"

वर्षाराणी दारातच तूर निवडत होती. "भाऊजी, माझं काय लिवलंय त्यात? वाचा की."

त्यानं वाचलं. "एका गर्भवती महिलेस खाटेवरून ओढा पार करावा लागला व तिचे अर्भक दगावले, हे खरे आहे काय?"

"मग सरकार काय म्हणलं?"

"हे अंशतः खरे आहे."

"अंशतः म्हंजे?"

"थोडं खरं."

तिनं सूप खाली ठेवलं. "आन् खोटं कोनतं? खाट का लेकरू?"

हे लेखी उत्तर बारा वर्षांमागं कार्यालयात आलं तेव्हाच गुरुपादप्पानं वाचलं होतं आणि फाईलला लावून ठेवलं होतं. तो शब्द खोडायला लावावा, असं एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यानं काम सोडलं. साहेबांनी थांब म्हटलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्याच्या खुर्चीवर साहेबांचा भाचा आनंदराज बसला. निवडणुकीला साहेब सहाव्यांदा उभे राहिले आणि आरामात निवडून आले. गुरुपादप्पा आता वाडीतच राहतो. अमरनाथ त्याच्याशी बोलतो, पण कामापुरतं.