पहिल्या बाकाचा धाक

लातुरात राघवेंद्र सरांच्या फिजिक्सच्या क्लासला चारशे पोरं, आणि पहिला बाक कायम रिकामा. इतर क्लासमध्ये त्या बाकासाठी आईबाप पहाटे येऊन पिशव्या ठेवत. सरांच्या मते हा त्यांचा धाक होता. भूकंपानंतरच्या वर्षी त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये क्लास काढला, तेव्हा लोक स्लॅबखाली बसायला घाबरत, म्हणून पोरांची रीघ लागली. ती रीघ आपल्या शिकवण्यामुळे, असं सरांनी पुढची वीस वर्षं मानलं. आता हे सगळं ते स्वतःच सांगतात, आणि सांगताना स्वतःला एक मार्कही देत नाहीत.

पन्नाशी ओलांडली आणि खालचे पुढचे दोन दात हलायला लागले. हिरड्यांतून रक्त कधीचंच येत होतं, त्याचा दोष सरांनी ब्रशला दिला होता. पण दात पडले तर 'फ्रिक्वेन्सी' म्हणताना फुसकन हवा जाणार, जूनच्या डेमो लेक्चरला पोरं हसणार, आणि हसलेली पोरं दुसरा क्लास गाठणार. सरांची झोप उडाली. लातुरात कुणी पालक बघेल म्हणून ते एसटीने थेट नांदेडला गेले. 'लेसरने हिरड्यांवर उपचार' अशी पाटी दिसली, आत शिरले, तर डॉक्टर म्हणून समोर उभी तनुजा. मुखेडची, दहा वर्षांपूर्वीची त्यांचीच विद्यार्थिनी.

"फक्त लेसर मारायचा," सरांनी बजावलं. "दात साफ करायचे नाहीत. दातांवर चढलेलं कीटण काढलं की दात ढिले होतात."

"कुणी सांगितलं, सर?"

"सगळ्यांना माहीत आहे."

पोरांना उठता-बसता 'पुरावा काय?' विचारणाऱ्या माणसाचं हे उत्तर.

"उगं जिद्द करून राहिलात, सर," तनुजा म्हणाली. "त्या कीटणातच जंतू बसलेत. हिरडी सुजून दाताला सोडून चालली. आधी खरवडावंच लागतं. लेसर नंतर, खोल फटीत जे राहतात त्यांच्यासाठी. तो जोडीला हाय, बदली न्हाई. आणि जादू तर मुळीच न्हाई, घरी रोज नीट घासावं लागंल."

सगळा धडा सोडून नुसते 'महत्त्वाचे प्रश्न' मागणाऱ्या पोरांना सर वर्गाबाहेर काढत. आज त्यांना स्वतःलाच बाहेर काढावंसं वाटलं.

इंजेक्शन झालं, खरवडणं झालं. मग सरांच्या डोळ्यांवर रंगीत चष्मा चढवून तनुजाने लेसरची बारीक तार हिरडीत सरकवली. लेसर सरांनी फळ्यावर शेकडो वेळा काढला होता, दोन आरसे आणि चार बाण. खरा आज भेटला, तर सर डोळे घट्ट मिटून खुर्चीचे हात धरून बसले. तोंडात कापसाचे बोळे होते, त्यामुळे जन्मात पहिल्यांदा पाऊण तास नुसतं ऐकावं लागलं.

"राग मानू नका, सर," बोळे काढायच्या आधीच तनुजा खाली बघत म्हणाली. "पहिल्या बाकावर कुणी बसायचं, याच्या आम्ही चिठ्ठ्या टाकायचो, आणि ज्याची निघेल तोही मागच्या बाकावर पळायचा. तोंडाचा वास यायचा तुमच्या. सांगायची हिंमत कुणाची? आता जाईल हळूहळू."

परतीच्या एसटीत सर खिडकीकडे तोंड करून बसले. घरी सौदामिनीबाई पलंगावर बसून शेंगा फोडत होत्या. सर दारातच उभे राहिले.

"तुला माहीत होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"दहा-बारा वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की एकदा, वेलदोडा खात जा म्हणून. तुम्ही आठ दिवस हसला नाहीत माझ्यापुढं. ते बघवेना मला. त्यापेक्षा वास परवडला."

सर बायकोच्या शेजारी बसले आणि भीत भीत तोंड जवळ नेऊन म्हणाले, "बघ गं, अजून येतो का?"

"येतो जरासा," सौदामिनीबाई म्हणाल्या, आणि जागच्या हलल्या नाहीत.